'गोलमाल' का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दापोलीत आम्ही सिनेमे दाखवतो तेव्हा कोणीतरी म्हणतंच, "सर, अमोल पालेकरांचा सिनेमा लावायचा तर 'गोलमाल' लावा की. 'ध्यासपर्व' कशाला?"

'गोलमाल' मला फार आवडतो. पण पालेकरांनी दिग्दर्शित केलेलं २००१ सालचं 'ध्यासपर्व' आपल्या मुरुडच्या माणसावर आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून शेवटपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यापायी अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे महर्षी अण्णा कर्व्यांनी, विधवेशी लग्न केलं म्हणून मुरुडने त्यांना वाळीत टाकलं. पुढे त्याच अण्णांना डोक्यावर घेतलं. मुलाचं नाव मात्र आपण अजून दबक्या आवाजात घेतो. अमोल पालेकरांनी ते पडद्यावर मोठ्याने घेतलं, याचं मला अतोनात मोल वाटतं.

आणि असे विषय घेणं त्यांना उतारवयात सुचलेलं नाही. 'गोलमाल' १९७९ चा. दोनच वर्षांनी त्यांनी मानवत हत्याकांडावर 'आक्रीत' दिग्दर्शित केला. ज्या चेहऱ्याला घरोघरचे लोक जावई करून घ्यायला तयार होते, तोच चेहरा त्यांनी नरबळीमागच्या माणसाला दिला. तेव्हा हातात हिंदीतलं एवढं नाव होतं! मग 'बनगरवाडी', 'दायरा'... गल्ल्याकडे बघून यातला एकही विषय कोणी निवडला नसता.

नाटकाची संहिता आधी सरकारी परिनिरीक्षण (सेन्सॉर) मंडळाकडून तपासून घेण्याच्या सक्तीविरुद्ध ते २०१६ साली उच्च न्यायालयात गेले, तेही मला याच कामाचा भाग वाटतं. २०१९ साली मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात चित्रकार प्रभाकर बरव्यांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. बरवे म्हणजे आपल्या नागावचे. संग्रहालयाच्या स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त केल्याबद्दल पालेकर बोलायला लागले, तर त्यांना मध्येच अडवलं. कोणी म्हणालं, ही काय ती जागा? मला विचाराल तर हीच जागा. चित्रं कोणी निवडायची हा प्रश्न चित्रांसमोर नाही विचारायचा, तर कुठे?

म्हणून 'ध्यासपर्व'. मुलींना घेऊन या, सासूबाईंनाही आणा. पुढच्या खेपेला 'अनकही' लावतोय. मूळ नाटक चिं. त्र्यं. खानोलकरांचं, म्हणजे पुन्हा आपल्याच मातीतलं, आणि त्यात भीमसेनजी गायलेत.