खत दोन महिन्यांत झालं, भंगार हलायला आठ महिने

आमच्या सांगलीतल्या कॉलेजात कचरा समितीचं काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हा वाटलेलं की होस्टेलच्या पोरांना ओला-सुका वेगळा टाकायला लावणं हीच खरी लढाई असणार. कसलं काय, मेसच्या मावशींनी दोन दिवसांत पोरं सरळ केली. आठवडाभर उष्टं-खरकटं काट्यावर घातलं. तेव्हाच्या २०१६ च्या नियमांत दिवसाला १०० किलोच्या वर कचरा काढणारा मोठा कचरा उत्पादक धरायचे, आम्ही त्याच्या खाली भरलो, पण ५,००० चौरस मीटरच्या वरच्या संस्थांनाही ओला कचरा जमेल तितका आवारातच जिरवायचा होता, म्हणजे सुटका नव्हतीच.

अडलं ते खताच्या खड्ड्यांच्या जागेवर. होस्टेलच्या मागं सावली आहे, नळ आहे, फक्त तिथं मोडक्या लोखंडी कॉटा आणि जुने जाडे मॉनिटर पडलेले. म्हटलं भंगारवाला बोलवू, अर्ध्या दिवसाचं काम. ऑफिसातले भाऊसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "सर, तो कचरा नाही, डेडस्टॉक आहे." म्हणजे रजिस्टरला नोंद असलेलं कॉलेजचं सामान.

झालं! निर्लेखन, म्हणजे रजिस्टरातून रीतसर नोंद कमी करणं, झाल्याशिवाय खिळा हलवायचा नाही. निर्लेखनाला समिती, समितीला यादी, यादीत प्रत्येक वस्तूचा नंबर, आणि नंबर ऑइलपेंटनं टाकलेले, पावसानं कधीच गेलेले. रजिस्टरला कॉटा ४२, मोजल्या तर ४५. कमी भरल्या असत्या तर चोरी झाली म्हटलं असतं, जास्तीच्या तीन कुठून आल्या?? एप्रिलच्या उन्हात मी आणि शिपाई मामा खडूनं खुणा करत तीनदा मोजल्या, ४५ च. भाऊसाहेब म्हणे ताळमेळ लागल्याशिवाय टिपणी वर जाणार नाही. दीड महिन्यानं कळलं, तीन जिमखान्याच्या रजिस्टरला आहेत. टिपणी गेली आणि परत आली, का तर मी 'कॉट' लिहिलेलं आणि रजिस्टरात 'पलंग लोखंडी'. त्या दिवशी मी चहा न पिताच घरी गेलो. मग सुट्ट्या, मग समितीतले एक सर परीक्षेच्या ड्युटीवर, मग तीन कोटेशनं.

तर तुमच्याकडं हे करायचं असेल तर आधी रजिस्टर मागा, खड्डे नंतर खणा. आणि रजिस्टरातला शब्द जसाच्या तसा उतरवा, शुद्धलेखन चुकलेलं असलं तरी.

मॉनिटर, सीपीयू कॉटांबरोबर भंगारात घालू नका. ई-कचऱ्याचे २०२२ चे वेगळे नियम आहेत, नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर नाहीतर रिसायकलरलाच द्यायचं. भंगारवाला जास्त पैसे देतो हे खरं, पण त्या जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, आणि पावती-सर्टिफिकेट नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) फायलीला लागतंच. हार्डडिस्क आधी काढून घ्या, आमच्या एकीत पोरांचे मार्क निघाले.

खताचं फार काही नाही. ओल्याच्या दुप्पट कोरडं, म्हणजे उसाचं वाळलेलं पाचट, थोडा शेणकाला, मूठ दाबली तर पाणी गळायला नको. वास यायला लागला की आणखी पाचट टाका, ऊसतोडीच्या टायमाला आपल्याकडं शेतकरी पेटवूनच देतात ते, मागितलं की मिळतं.

परवा खड्ड्यांवर नवीन पत्रा आला. मामांनी सगळ्यात आधी त्याच्यावर ऑइलपेंटनं नंबर टाकला, मी फोटो काढून ठेवलाय, तारखेसकट.