तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी तीच, मग पेट्रोल कमी कसं झालं?

“गाडी तर दारातच उभी असते तुझी. मग पेट्रोल कमी केलं म्हणतेस ते कसं?” हा प्रश्न मला शेजारी विचारतात, ऑफिसात विचारतात, फोनवर नातेवाईक विचारतात. पाठोपाठ दुसराही ठरलेला असतो: “इलेक्ट्रिक घेतलीस का?” नाही घेतली. गाडी तीच आहे, पेट्रोलची, नऊ वर्षं जुनी. पूर्वी महिन्याला दोनदा टाकी भरायचे, म्हणजे जवळपास ७० लिटर. आता एक टाकी दोन महिने जाते.

सुरुवात एका वहीने झाली. डॅशबोर्डच्या कप्प्यात मी एक छोटी वही ठेवली, पेन्सिलीला दोरा बांधून. रकाने पाच: तारीख, कुठे, किती किलोमीटर, कशासाठी, गाडीत किती जण. काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं, असं ठरवून महिनाभर लिहिलं. महिनाअखेरीस ९८ नोंदी झाल्या. त्यातल्या ४६ तीन किलोमीटरच्या आतल्या होत्या. आणि शेवटचा रकाना वरून खाली वाचला तर १, १, १, १, २, १, १... त्या रकान्याने मला अस्वस्थ केलं. गाडीचं वजन अकराशे किलो, माझं साठ. पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिच्यातला साधारण पाव हिस्साच चाकांपर्यंत पोचतो, बाकीची रेडिएटर आणि धुरावाटे निघून जाते. चाकांपर्यंत आलेल्यातलाही बहुतेक भाग त्या अकराशे किलोंना ओढण्यात जातो. म्हणजे मी भरलेल्या पेट्रोलच्या शंभर भागांतला जेमतेम एक भाग मला हलवण्यासाठी खर्च होत होता.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती ऐकून लोक गोंधळतात. संख्येने निम्म्या फेऱ्या छोट्या असल्या, तरी जास्त पेट्रोल त्यांत जात नव्हतं. ४६ फेऱ्यांचे मिळून शंभरेक किलोमीटर झाले होते. ऑफिसच्या चौदा किलोमीटरच्या जाण्यायेण्याचे सहाशेच्या वर. तरीही मी आधी छोट्या फेऱ्यांनाच हात घातला आणि आजही कोणी विचारलं की तिथूनच सुरुवात करा म्हणते. कारण किल्लीकडे जाणारा हात तिथेच घडलेला असतो. दीड किलोमीटरसाठी गाडी काढणारा माणूस चौदा किलोमीटरसाठी दुसरा विचारच करू शकत नाही.

शिवाय इंजिनाच्या दृष्टीने या फेऱ्या सगळ्यांत वाईट. थंड इंजिनातलं ऑइल घट्ट असतं, घर्षण जास्त असतं, त्यामुळे दर किलोमीटरला पेट्रोल जास्त लागतं. धुरातले विषारी वायू निवळवणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय धड काम करत नाही. तो तापतो न तापतो तोच आपण पोचलेलो असतो. परत निघताना कमीअधिक तेच.

एक किलोमीटरपर्यंत चालायचं, त्यापुढे सायकल, एवढंच ठरवलं. सायकल घरात धूळ खात होती. पहिल्याच आठवड्यात गुडघे दुखायला लागले आणि मला वाटलं, हे आपल्याला जमणारं नाही. दोष सीटच्या उंचीचा निघाला. तुमचीही सायकल अशीच पडून असेल तर एवढं करून बघा. भिंतीला धरून सीटवर बसा, पेडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा पेडलवर आला की गुडघ्यात हलकासा बाक उरतो, तेवढाच हवा. माझी सीट चार बोटं खाली होती. ती वर घेतली आणि दुखणं गेलं. टायरमध्ये हवा किती भरायची ते टायरच्या कडेवरच छापलेलं असतं. साखळीला तेल घातल्यावर फडक्याने वरचं पुसून काढायचं, नाहीतर त्यावर धूळ बसून चिखल होतो. नीट ठेवलेली सायकल चालण्याइतक्याच श्रमात तिप्पट वेगाने नेते, हे मी ऐकून होते. ते पायांना कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

ऑफिसच्या वाटेला मात्र वर्ष गेलं. आता आठवड्यातले तीन दिवस बस आणि दोन दिवस बॅटरीची सायकल, पेडल मारताना मोटर हातभार लावते ती. लोकांना सगळ्यांत जास्त उत्सुकता हिचीच असते, म्हणून हिशेब मांडते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट, म्हणजे ९,००० वॉट-तास ऊर्जा असते. माझी गाडी लिटरला १३ किलोमीटर धावते, म्हणजे एका किलोमीटरला ७०० वॉट-तास. ही सायकल तेवढ्याच अंतराला १० ते १५ वॉट-तास घेते. जवळपास पन्नासपट फरक.

“पण वीज तरी कुठून येते? कोळशापासूनच ना?” हेही विचारलं जातं आणि प्रश्न रास्त आहे. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तसं धरलं तरी सायकलचे किलोमीटरला १५ ग्रॅम होतात. माझ्या गाडीचे १७५च्या पुढे. इलेक्ट्रिक मोटारीचं गणित इतकं सोपं नाही. ती किलोमीटरला दीडशे वॉट-तासांच्या आसपास घेते, तेव्हा सगळीच वीज कोळशाची असेल तर फायदा थोडाच उरतो. बॅटरी बनवतानाचं प्रदूषण वेगळं. वीज जसजशी सूर्य-वाऱ्यावर येईल तसतशी तीच मोटार दरवर्षी स्वच्छ होत जाईल, ही तिची मोठी जमेची बाजू. पेट्रोलच्या गाडीला ते कधीच साधणार नाही. म्हणून गाडी घ्यायचीच असेल तर इलेक्ट्रिक घ्या असं मी म्हणते. पण फेऱ्या न मोजता आधी गाडी बदलू नका.

विजेची मोटार तशी नवी नाहीच. रस्त्यावरच्या गाड्यांत ताशी १०० किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला तो १८९९ साली, बेल्जियमच्या कामिय जेनात्झी यांच्या विजेवरच्या गाडीने. पण तेव्हाच्या शिशाच्या बॅटऱ्या जडशीळ, आणि किलोभर पेट्रोलमध्ये मावणाऱ्या ऊर्जेपुढे त्यांची साठवण नगण्य. पुढचं शतक पेट्रोलचं झालं ते या सोयीमुळे. आपण ज्या सवयीत जन्मलो ती इतकी जुनी आहे, तेव्हा ती महिन्याभरात सुटली नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

“एकटीने करून काय होतं?” याला मी वजनाने उत्तर देते. एक लिटर पेट्रोल भरतं पाऊण किलोच्या आत, पण जळल्यावर कार्बन डायऑक्साइड निघतो २.३ किलो. हे चुकीचं वाटतं, पण पेट्रोलमधला कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू सोबत घेतो, म्हणून वजन वाढतं. सत्तर लिटरचे झाले १६० किलो. दर महिन्याला मी स्वतःच्या अडीचपट वजनाचा वायू हवेत सोडत होते, आणि तो दिसत नाही म्हणून मला ठाऊकच नव्हतं. आता तो चाळीस किलोच्या आसपास आहे. माझ्यापुरतं हे उत्तर मला पुरतं.

सगळ्यांना हे सारखं जमणार नाही, हे मला माहीत आहे. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर मुलाला चालत ने असं मी कुणाला सांगणार नाही, आणि जिथे बसच येत नाही तिथे बसचा सल्ला देणं हा अन्याय आहे. तिथे बस मागायला लागते, एकत्र येऊन, पुन्हा पुन्हा. आमच्या मार्गावरची संध्याकाळची फेरी बंद झाली तेव्हा आम्ही बाराजणांनी सह्या करून अर्ज दिला होता. ती अजून सुरू झालेली नाही. पुढचा अर्ज लिहून तयार आहे.

गाडी ठेवली आहे ती आईसाठी, जड सामानासाठी, सगळे मिळून गावाबाहेर जातो त्यासाठी. वही अजून कप्प्यात असते. गेल्या महिन्याच्या पानावर ११ नोंदी आहेत. शेवटच्या रकान्यात ३, ४, २, ४ असे आकडे आहेत आणि एकच १. त्या रात्री पाऊस कोसळत होता आणि आईचं औषध संपलं होतं.