गाडीत ‘धा’चा ‘ता’ झाला

लहानपणी नाशिकच्या पंचवटीत सहा वर्षं तबला शिकलो. पुढे अंबडच्या कारखान्यात मेन्टेनन्सला लागलो, तबला माळ्यावर गेला, कान मात्र गेले नाहीत. त्यामुळे आमच्या 2015 च्या हॅचबॅकमध्ये तबला लागला की माझी चिडचिड व्हायची. डग्गा पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखा, आणि चाट, म्हणजे उजव्याच्या कडेवरचा बोल, जणू कोणी रुमाल टाकून दाबलेली. बायको म्हणायची, ‘‘गाणं ऐका की, नुसतं काय तबल्याचं घेऊन बसता!’’

या दिवाळीच्या सुट्टीत शेवटी साडेसहा इंची कंपोनंट सेट आणला. खालच्या स्वरांना दोन वूफर, वरच्यांना दोन ट्विटर, आणि स्वरांची दोघांत वाटणी करणाऱ्या दोन डब्या, म्हणजे क्रॉसओव्हर. दुकानातला मुलगा तीनशे वॉटचं खोकं पुढे सरकवत होता. मी त्याला म्हटलं, स्टिरिओ कंपनीचाच ठेवायचाय. त्यावर ‘50 × 4’, म्हणजे चार स्पीकरना पन्नास-पन्नास वॉट, लिहिलेलं असतं खरं, पण गाडी चालू असताना 14.4 व्होल्ट धरले तर 4 ओहमच्या स्पीकरला जेमतेम 26 वॉट मिळू शकतात, तेही कागदावर. प्रत्यक्षात अठरा-वीस. त्यापुढे आवाज फाटायला लागतो. मग तीनशे वॉट काय पुजायचे? मी बघत होतो ती सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो ते. ती 3 डेसिबल जास्त असली की निम्म्या वॉटमध्ये तेवढाच आवाज मिळतो. मुलगा म्हणाला, ‘‘सर, फिटिंग करून देतो ना दोन तासांत. क्रॉसओव्हरची डबी दरवाज्यात टाकून देऊ.’’ दरवाज्यात पाणी येतं, म्हटलं. ‘‘काही होत नाही सर.’’ मग मी माझ्या सेटचं खोकं काखेत मारून घरी आलो.

दरवाज्यात पाणी येतंच. काचेच्या रबरातून आत उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं, रचनाच तशी आहे. आमच्याकडचा आणि त्र्यंबककडचा पाऊस बघता स्पीकरखाली बसवायच्या एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) रिंगा दोन पावसाळ्यांत पापडासारख्या फुगल्या असत्या. म्हणून गल्लीतल्या सुताराकडून वॉटरप्रूफ प्लायच्या रिंगा कापून घेतल्या आणि ऑइलपेंटचे दोन हात मारले. बसवण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन पाहिली, कारण स्पीकरमागचं मॅग्नेट काचेला टेकू शकतं. उजवीकडे बोटभर जागा होती. डावीकडे नखभर.

कंपनीचा ट्विटर डॅशबोर्डच्या कोपऱ्यात होता. काढून पाहिला तर त्याच्या पाठीला एक इवलासा कपॅसिटर, 4.7 मायक्रोफॅरॅड. बस, हाच कंपनीचा क्रॉसओव्हर. 4 ओहमला हिशोब केला तर हा ट्विटर साडेआठ हजार हर्ट्झच्या आसपास कुठे बोलायला लागतो. त्याच्या खालचं सगळं दरवाज्यातल्या कागदी कोनावर, आणि त्याला तर वरून काही बंधनच नाही. तबल्याच्या चाटेची धार या दोघांच्या मधे हरवत होती. नव्या डबीत कॉइल आणि कपॅसिटर दोन्ही आहेत, ती साधारण साडेतीन हजारावर वाटणी करते. ट्विटर खूप आधी हातात घेतो आणि वूफरला वर जाऊ देत नाही.

पण डबी लावायची कुठे? कंपनीच्या वायरिंगमध्ये ट्विटर आणि दरवाजा यांना फाटा डॅशबोर्डच्या आतच फुटतो. डबी या फाट्याच्या आधी हवी, म्हणजे स्टिरिओच्या मागे. मूळ कपलर कापायचा जीव झाला नाही, म्हणून एम. जी. रोडवरून जोडकपलर आणला, सोल्डर केलं, वर स्लीव्ह चढवली. डब्या ग्लोव्हबॉक्सच्या मागे बांधल्या. एक मात्र कटाक्षानं पाळलं: स्पीकरची कुठलीही मायनस वायर बॉडीला लावली नाही. या स्टिरिओत दोन्ही वायरींवर अँप्लिफायर असतो, मायनस अर्थ केली की चिप गेलीच समजा.

रात्री साडेदहाला हेडटॉर्चच्या उजेडात सगळं जोडून झालं. मागचे स्पीकर फेडरने, म्हणजे पुढे-मागे आवाज वाटणाऱ्या सेटिंगने, बंद केले आणि तबला सोलो लावला. चाट अशी खणखणीत की अंगावर काटा आला. आणि डग्गा? नाहीच! ‘धा’ म्हणजे उजव्याचा ‘ता’ आणि डग्ग्याचा ‘घे’ एकत्र. मला फक्त ‘ता’ ऐकू येत होता. सहा हजार घालून मी डग्गाच गाडीतून उतरवला होता.

रात्रभर झोप नाही. सकाळी चहाआधी खाली गेलो आणि सहज बॅलन्स पूर्ण डावीकडे फिरवला. डग्गा आला! पूर्ण उजवीकडे, तरी आला. मधे आणला की गायब. म्हणजे एक दरवाजा उलटा जोडलेला. एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात.

रेघेची वायर मायनस, असं मी दोन्हीकडे धरून चाललो होतो. उजवीकडे ते खरं होतं, डावीकडे नेमकं उलटं. कपलर स्टिरिओतून काढला आणि भिंतीवरच्या घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल त्याच्या पिनांना क्षणभर टेकवला. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन बाहेर उडी मारतो. ट्विटरला भीती नाही, त्याच्या वाटेत कपॅसिटर आहे. मुलाला दरवाज्याशी बसवलं. ‘‘पप्पा, आत गेला.’’ दोन वायरी बदलल्या. ‘‘आता बाहेर!’’

खरं तर हे पाच मिनिटांचं काम आदल्या रात्री, डोअर पॅड उघडं असतानाच करायचं असतं. कारखान्यात मोटर जोडताना कोणी अशी हयगय केली असती तर मी त्याला उभा-आडवा घेतला असता.

क्रॉसओव्हरवर ट्विटरचा आवाज कमी-जास्त करायला एक जम्पर (छोटी पिन) आहे, तो उणे 3 डेसिबलवर ठेवला. डॅशबोर्डवरचा ट्विटर समोरच्या काचेवर आपटून येतो, त्यामुळे शून्यावर टाळ कानात घुसत होते.

रविवारी सगळ्यांना घेऊन गंगापूर धरणाकडे निघालो. सोमेश्वरच्या पुढे रस्ता जरा शांत झाला तसा आवाज वाढवला. ‘धा’ भरून आला, मागोमाग डग्ग्यावर तळहात सरकवून काढलेली घसटसुद्धा. मी आरशातून बायकोकडे बघत होतो, काही म्हणते का म्हणून. तेवढ्यात तिच्या शेजारून आई म्हणाली, ‘‘अरे, इथं मागं काहीच ऐकू येईना.’’

फेडर दोन घरं मागे घेतला.