पाणी नसतं, तरी नारळ उभा राहिला असता का?

बोअरला पाणी लागलं की पॉइंट दाखवणाऱ्याला ते आधीच ठाऊक होतं, असं सगळे धरून चालतात. मला हे पटत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, रायबाग या पट्ट्यात मी मशीन लावून जमीन तपासते आणि बोअर कुठं मारावी ते सांगते. पाणी लागणं आणि पाणी आहे हे ठाऊक असणं यातला फरक माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. शेतकऱ्याच्या तर त्याहून जास्त, कारण फुटामागे पैसे तो मोजतो, तेही बहुतेकदा सोसायटीचं कर्ज काढून किंवा उसाच्या बिलावर भिस्त ठेवून.

मी जाते त्या शेतात माझ्या आधी बहुधा पाणाड्या येऊन गेलेला असतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो चालतो, नारळ उभा राहील तिथं दगड मांडतो. कुणाच्या हातात लिंबाची दुबेळकी फांदी असते, कुणाच्या तांब्याची तार. ही माणसं फसवी नसतात. मी ज्यांना ओळखते ते देवाला हात जोडल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत, आणि पाणी लागलं तर शेतकऱ्याइतकेच आनंदतात. त्यांचा विश्वास मनापासूनचा असतो आणि सांगितलेलं पुष्कळदा खरंही निघतं. मग त्याला ज्ञान का म्हणायचं नाही?

प्लेटोच्या 'थीएटीटस' या संवादात ज्ञानाची एक व्याख्या येते: मत खरं असावं आणि त्याला कारण देता यावं. त्या संवादात ती शेवटी टिकत नाही, पण पुढं तिला धरूनच बराच विचार झाला. १९६३ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ एडमंड गेटियर यांनी अवघ्या तीन पानांचा लेख लिहून दाखवलं की मत खरं असलं, त्याला चांगलं कारण असलं, तरी ते केवळ योगायोगानं खरं ठरलेलं असू शकतं. आपल्याकडं हा पेच फार आधी ओळखला होता. आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध तार्किकानं दिलेलं उदाहरण मला तर आमच्या शिवारातलंच वाटतं. तहानलेल्या वाटसरूला लांब पाणी दिसतं. ते असतं मृगजळ. तो तिथवर पोचतो, आणि नेमकं तिथंच एका खडकाखाली खरंखुरं पाणी असतं. तहान भागली, मतही खरं ठरलं. पण निघताना त्याला पाणी ठाऊक होतं का? नव्हतं. त्यानं पाहिलं ते मृगजळ, आणि प्यायला ते पाणी वेगळं.

नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तार्किक, धूर आणि अग्नीच्या उदाहरणात एक बारीक गाठ दाखवतात. धूर दिसला तर अग्नी आहे असं म्हणता येतं. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. असा मधला, न दिसणारा कारणाचा दुवा म्हणजे उपाधी. नारळामागंही मला उपाधीच दिसते. अनुभवी पाणाड्या कुठून चालतो ते बघा: ओढ्याच्या अंगानं, सखल बाजूनं, उंबराजवळून, उन्हाळ्यात गवत हिरवं राहतं तिथून. पाणी लागतं ते त्या जागेमुळं, आणि श्रेय जातं नारळाला. झाडं आणि वारुळांवरून पाणी ओळखायची विद्या आपल्याकडं जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिरानं 'बृहत्संहिते'त तिच्यासाठी एक अख्खं प्रकरण लिहिलं. जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर त्याच्या दक्षिण बाजूला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी, असं तो सांगतो. ते बरोबर की चूक हे खणून बघता येतं. आणि तिथं नारळ लागत नाही.

जागेची ही मदत काढून घेतली तर काय उरतं, याची परीक्षा जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये झाली. दुमजली कोठाराच्या खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप दर वेळी कुठलाही क्रम न ठेवता सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्यानं जागा सांगायची. सुमारे ५०० जणांतून निवडलेल्या ४३ जणांनी मिळून ८४३ प्रयत्न केले. प्रयोग करणाऱ्यांना त्यातल्या थोड्या जणांत काहीतरी शक्ती आहे असं वाटलं. १९९९ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जिम एनराइट यांनी तेच आकडे तपासून दाखवलं की डोळे मिटून सांगितलं असतं तरी साधारण असंच जमलं असतं.

अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९८१ मध्ये ज्ञानाची एक कसोटी मांडली. ती मी रोज वापरते. गोष्ट तशी नसती, तर तुमचं मत बदललं असतं का? पाणाड्याला विचारायचं ते एवढंच: खाली पाणी नसतं, तरी तुमचा नारळ उभा राहिला असता का?

कारण सांगता येणं ही खरी कसोटी नव्हे, हे मला बोअर मारणाऱ्या मशीनवाल्यांमुळं कळलं. आमच्याकडं बोअरच्या बऱ्याच गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून येतात. रात्री उशिरा हॅमर चालू असतो, धूळ पार उसाच्या शेंड्यांवर बसलेली असते, आणि ऑपरेटर एक हात लिव्हरवर ठेवून उभा असतो. मध्येच तो मान हलवतो आणि म्हणतो, "सॉफ्ट." खालचा चुरा हवेनं वर यायला थोडा वेळ लागतो. मग घमेल्यात काळ्या भुकटीऐवजी तांबूस, भुसभुशीत मांजऱ्या, म्हणजे पाणी धरणारा मऊ खडक, पडायला लागतो. कसं कळलं विचारलं तर कानाकडं बोट दाखवतो, यापुढं त्याला काही सांगता येत नाही. पण त्याला ठाऊक असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दगड बदलला नसता तर आवाज बदलला नसता, आणि तो बोललाही नसता.

आता हीच कसोटी माझ्या मशीनला. चार सळया एका रेषेत ठोकायच्या, बुडाशी मिठाचं पाणी ओतायचं, बाहेरच्या दोन सळयांतून करंट सोडायचा आणि आतल्या दोन सळयांवर व्होल्टेज मोजायचा. बाहेरच्या सळया लांब नेत जाईल तसं खोलवरचं कळतं. ओल्या मुरमातून, मांजऱ्यातून वीज सहज जाते, अखंड काळ्या पाषाणातून जात नाही. पण लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधी कधी लाल चिकणमातीचा गेरू असतो, त्यातूनही वीज सहज जाते आणि तो पाणी मात्र सोडत नाही. शिवाय पातळ पण फार ओला थर आणि जाड पण जरा कमी ओला थर, दोन्हींचा आलेख एकसारखा येऊ शकतो. वाटणीत पट्टी अरुंद झालेली असेल तर सळया लांब नेताच येत नाहीत. म्हणजे, खाली गेरू असता तर माझा आकडा बदलला असता का? कधी हो, कधी नाही. मला ठाऊक असतं ते एवढंच, की अमुक ते अमुक फुटांच्या दरम्यान वीज सहज नेणारं काहीतरी आहे. ते पाणी आहे हा माझा अंदाज, आणि मी कागदावर तसंच लिहिते.

लोकांना हे आवडत नाही. "मॅडम, ते सगळं असू दे वो, पाणी लागतंय का न्हाई तेवढं सांगा की," असं चिकोडीकडच्या एका काकांनी मला बांधावर उभं राहून विचारलं. त्यांचंही बरोबर आहे. अर्धी बोअर मारता येत नाही. शेतकऱ्याला ठाऊक नसताना ठरवावं लागतं, आणि आधार असतो दुसऱ्याच्या शब्दाचा. न्यायदर्शन शब्दालाही प्रमाण मानतं, पण तो आप्ताचा शब्द असला पाहिजे. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाच्या मते आप्त म्हणजे ज्यानं ती गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे. पाणाड्यापाशी दुसरा अर्धा भाग पुरेपूर असतो. पहिल्या अर्ध्यापुरती मी झटते, आणि जिथं माझं जाणणं संपतं तिथं कागदावर रेघ मारते. म्हणून त्या काकांना मी थांबायची खोलीही लिहून दिली: इतक्या फुटांपर्यंत तांबूस, मऊ चुरा आला नाही तर मशीन बंद करा, पुढं पैसे घालू नका.

पाणाड्याचं नाव गावभर होतं, त्याचं एक कारण म्हणजे लागलेल्या बोअरची पूजा होते आणि कोरड्या बोअरवर दगड पडतो. तिचं कुणी बोलत नाही. खरं तर शेजाऱ्याला तीच जास्त कामाची. गेरू कुठं आहे, पाषाण किती खोल आहे, हे तिनं उघडून दाखवलेलं असतं. निपाणी, चिकोडी, रायबाग, हुक्केरी भागात तुमची बोअर कोरडी गेली असेल, तर गाव, खोली आणि कितव्या फुटाला चुऱ्याचा रंग बदलला एवढं मला कळवा. शेतमालकाचं नाव नको. तालुक्यानुसार नोंद करते आहे, आणि शेजारच्या शेतात पॉइंट काढायच्या आधी ती बघते.