तेरावं पेर

मे महिन्यात दुपारी एक वाजता माळ्यावर चढणारा माणूस एकतर सोलापूरचा नसतो, नाहीतर त्याचं काहीतरी हरवलेलं असतं. माझं मोटारीचं वॉरंटी कार्ड हरवलं होतं. पाणी येणार त्याच्या आदल्या दिवशी मोटार जळाली. आता पुढचं पाणी चार दिवसांनी, त्यामुळे कार्ड शोधणं भागच होतं. ते सापडलं नाही. सापडला बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणि त्यात मामांच्या कॅसेट्स.

मामा मुंबईत गोदीला कामाला होते. सुट्टीला येताना असलं काहीबाही घेऊन यायचे आणि जाताना आमच्याकडेच विसरून जायचे. भीमसेन, अभंग, दोन कव्वाल्या आणि एका नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर निळ्या बॉलपेननं लिहिलेलं, ‘इंग्रजी किरकोळ’.

किरकोळ! हा शब्द मला फार आवडला. टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेला, अजून चालतो. बाहेर लोंबणारी टेप पेन्सिल घालून आत गुंडाळली, हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि बटण दाबलं. मोबाइलच्या अॅपनं दोन मिनिटांत ओळखलं. एका बाजूला झॉम्बीज या इंग्रज बँडचा ‘ओडेसी अँड ऑरॅकल’, दुसऱ्या बाजूला किंग क्रिम्सन या दुसऱ्या इंग्रज बँडचा ‘रेड’.

झॉम्बीजची गोष्ट ऐकून मला आपल्याकडच्या सरकारी नेमणुकांची आठवण झाली. पत्र येईपर्यंत माणूस निवृत्त. १९६७ साली लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत, बीटल्सनी ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम संपवल्यावर थोड्याच दिवसांनी, यांनी हा अल्बम करायला घेतला. वर्षअखेरीला बँड मोडला. १९६८ मध्ये तबकडी बाजारात आली तेव्हा ती कुणी फारशी विचारली नाही. आणि १९६९ मध्ये त्यातलं ‘टाइम ऑफ द सीझन’ अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर! बँडच शिल्लक नाही म्हटल्यावर तिकडे खोटे झॉम्बीज गावोगाव कार्यक्रम करत फिरले. त्यातल्या एका खोट्या टोळीतले दोघे पुढे झेडझेड टॉप या अमेरिकन रॉक बँडमध्ये गाजले. मुखपृष्ठावर चित्रकारानं ‘ओडेसी’चं स्पेलिंग चुकवलं, ते तसंच छापलं गेलं. आमच्या नवी पेठेत पाट्या वाचत हिंडणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

एक सांगून टाकतो. नंतर महिनाभर मी असले ‘विसरलेले’ अल्बम हुडकत बसलो, आणि त्यातले निम्मे विसरायच्याच लायकीचे निघाले. वीस मिनिटं ऑर्गन, मग ढोल, मग पुन्हा ऑर्गन. पण अधूनमधून काही लागतं. आपल्याच देशात सिमला सिगारेटच्या नावानं बँडच्या स्पर्धा व्हायच्या. त्यांच्या १९७० आणि १९७१ च्या तबकड्यांवर आपल्याकडची पोरं गिटार अशी करकरवतात की आपले काका-मामा वेगळेच दिसायला लागतात. आनंद शंकर म्हणजे उदय शंकरांचा मुलगा. १९७० साली त्यांनी सतारीला मूग नावाचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर काढणारं वाद्य, जोडला. तो आवाज पुन्हा ऐकू आला नव्वदच्या दशकात, लंडनच्या डीजेंच्या हातून.

पण मला त्या कॅसेटवरच यायचंय. दोन्ही बाजूंना एक आवाज होता. व्हायोलिनचा ताफा पाण्याखाली वाजावा तसा, किंचित डुगडुगणारा. मला वाटलं, टेप ताणली गेलीय. सोलापूरच्या माळ्यावर तीस उन्हाळे काढल्यावर माणूसही ताणला जातो, टेपचं काय! मग मोबाइलवर स्वच्छ आवृत्ती लावली. डुगडुग कमी झाली, पण गेली नाही. ती वाद्यातलीच होती. मेलोट्रॉन म्हणतात त्याला. पेटीसारख्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीखाली टेपची एक स्वतंत्र फीत, तिच्यावर आधीच मुद्रित केलेला खऱ्या व्हायोलिनचा नाहीतर बासरीचा एकेक सूर. पट्टी दाबली की फीत हेडवरून सरकते. साधारण आठ सेकंदांत ती संपते, बोट उचललं की स्प्रिंग तिला मागे खेचते. म्हणजे वाजवणाऱ्याला दर आठ सेकंदांच्या आत कुठंतरी बोट उचलावंच लागतं. तर मी ताणलेल्या टेपवर मुळातच ताणलेली टेप ऐकत होतो. यातली कुठली थरथर इंग्लंडची आणि कुठली माळ्यावरची, हे मला अजून नीट सांगता येत नाही. खरं तर मला आता स्वच्छ आवृत्तीच अळणी लागते.

‘रेड’ १९७४ चा. याच बँडचा पहिला अल्बम इंग्लंडात पाचव्या क्रमांकाला गेला होता, हा पंचेचाळीसच्या पुढे सरकला नाही. बँडचा म्होरक्या आणि गिटारवाला रॉबर्ट फ्रिप, त्यानं तबकडी यायच्या आधीच बँड बंद केल्याचं जाहीर केलं होतं. शेवटचं गाणं ‘स्टारलेस’, बारा मिनिटांचं. मध्यावर सगळं थांबतं. खाली बास गिटार घोटत राहते, फ्रिप एकेकच सूर दाबत वर चढतो, आणि ड्रमवाला बिल ब्रुफर्ड लाकडी ठोकळ्यावर मध्येच टक् करतो.

त्या टकटकीला वडील बाहेर आले. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात त्यांनी तीस वर्षं जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणून काढली. मागांच्या खडखडाटानं कान निम्मे गेलेत, टीव्हीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो. पण तीस मागांतला कुठला बिघडलाय हे ते मागांकडे पाठ करून उभे असले तरी सांगायचे.

“धोटा नीट बसंना झालाय,” ते म्हणाले. धोटा म्हणजे मागात आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा.

“गाणं आहे हे, दादा.”

“असू दे की. एक ठोका जास्तीचा पडलालाय बघ.”

खरंच तसं होतं. तो भाग तेराच्या मात्रेत आहे. तेरा असतात म्हणून मी सांगितलं, तर ते खुर्चीत बसले आणि अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायला लागले. चार बोटांची पेरं बारा. तेरावं ठेवायला जागाच नाही. दोनदा चुकले, वैतागले. मग तेरावा ठोका त्यांनी खुर्चीच्या दांडीवर टाकला आणि परत करंगळीवर आले.

बाजू संपून खटका पडला तरी त्यांचा अंगठा चालूच होता.

“उलटी कर,” ते म्हणाले. मी म्हटलं, “त्या बाजूला दुसरा बँड आहे.” “मग मागं घे की रे.”

रिवाइंडचं बटण तुटलेलं होतं. मी पेन्सिल शोधायला उठलो.