आमची वाटचाल : तेलाच्या पडद्याआडचं एन्झाइम

गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत आमची सुरुवात मण्यांवर एन्झाइम बसवून देण्यापासून झाली. पेनिसिलीनपासून ६-एपीए (प्रतिजैविकांचा कच्चा माल) काढणाऱ्या मोठ्या कारखान्यांत आजही मणीच चालतात, आणि तिथे तेलाचा पडदा, म्हणजे एन्झाइमच्या पाणीदार थेंबांभोवती तेलाचं आवरण, घेऊन जाण्यात काही अर्थ नाही. रसायन अभियंता नॉर्मन ली यांना १९६८ साली ज्या द्रव पटलाचं, म्हणजे अशाच पडद्याचं, अमेरिकी पेटंट मिळालं, त्याकडे आम्ही वळलो ते डी आणि एल रूपं (एकाच रेणूच्या आरशातल्यासारख्या दोन प्रती) वेगळी करायच्या लहान बॅचसाठी. इथे अभिक्रिया आणि वेगळं करणं दोन्ही एकाच टाकीत होतं.

उदाहरण फेनिलअॅलनिन या अमिनो आम्लाच्या मिथाइल एस्टरचं. कायमोट्रिप्सिन या एन्झाइमचं बफरमधलं (पीएच स्थिर ठेवणाऱ्या पाण्यातलं) द्रावण आणि पॅराफिन तेल समसमान घ्यायचं. तेलात थेंब टिकवणारं स्पॅन ८० साधारण ४ टक्के, वाहक म्हणून अलिक्वॅट ३३६ एक टक्का. बर्फाच्या जॅकेटमध्ये होमोजिनायझर फिरवला की दुधासारखं इमल्शन होतं. ते पाचपट एस्टरच्या पाण्यात सोडून २००–३०० आरपीएमवर सावकाश ढवळायचं. एस्टर तेलातून आत जातं, एन्झाइम फक्त एल रूप तोडतं, आणि तयार झालेलं एल-फेनिलअॅलनिन वाहकाच्या पाठीवर बसून बाहेर येतं. त्याच्या बदल्यात क्लोराइड आत शिरतं.

बाहेरच्या पाण्याचा पीएच ७ च्या खाली गेला तर एस्टरवर भार येतो आणि ते तेलात उतरत नाही. ८ च्या वर गेला तर एन्झाइमशिवायच तुटू लागतं, मग डी रूपही फुटतं आणि शुद्धता गेलीच. आत मात्र प्रत्येक रेणू तुटताना आम्ल सुटतं, म्हणून बफर दणकट लागतो. एन्झाइम टिकावं म्हणून कॅल्शियम घालायचं असेल तर फॉस्फेट बफर नको, तळाशी पांढरा साका बसतो. ट्रिस हा दुसरा बफर घ्यावा.

खरी डोकेदुखी म्हणजे फुगणं. आतलं द्रावण दाट असलं की पाणी तेलातून आत ओढलं जातं, थेंब सुजतात आणि शेवटी फुटतात. स्पॅन ८० स्वतःच पाणी वाहून नेतं, त्यामुळे ते जास्त घालून इमल्शन ‘पक्कं’ करायचा मोह टाळावा. बाहेर मीठ घातलं की दोन कामं होतात : ओढ कमी होते आणि वाहकाला क्लोराइड मिळतं.

बॅच संपल्यावर इमल्शन फोडणं हे वेगळंच प्रकरण. तापवलं तर फुटतं, पण एन्झाइमही मरतं. म्हणून काचेचं आवरण असलेल्या इलेक्ट्रोडवर उच्च व्होल्टेजची एसी वीज देतो, वर नायट्रोजन ठेवून, कारण खाली तेल आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात इन्सुलेटरवर ओल धरते आणि पृष्ठभागावरून वीज गळते. जून ते सप्टेंबर ती खोली कोरडी ठेवावीच लागते. ढवळणीला स्वतंत्र इन्व्हर्टर दिलाय. वीज गेली की थेंब वर येऊन एकमेकांना चिकटतात, नंतर कितीही ढवळा.

काम पाठवताना एस्टरचा नमुना, त्यातल्या क्षारांचं प्रमाण आणि हवी ती एल-शुद्धता, एवढं कळवा. क्षार न कळता आम्ही आतल्या बफरची मात्रा ठरवत नाही.