तुम्ही विचारलंत म्हणून: गुलाम-नव्वीवर ऑल-इन कशाला?

शनिवारी रात्री नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटवर आठ-नऊ जण पोकर खेळायला जमतात. पैसे लावत नाही. सगळ्यात आधी जो बाद होईल त्याने रविवारी सकाळी सगळ्यांसाठी मिसळ आणायची, पापडासकट. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा झाला, ॲपवरचं खेळणं थांबलं आणि आमच्या टेबलाभोवती खुर्च्या वाढल्या. नवीन येणारं प्रत्येक पोरगं दोन-तीन शनिवारांत एकदा तरी विचारतंच, "दादा, एवढ्याशा चिप्स उरल्यात आणि तू गुलाम-नव्वीवर ऑल-इन करतोस? चांगली पानं येईपर्यंत थांबायचं ना!" ऑल-इन म्हणजे उरलेल्या सगळ्या चिप्स एकदम लावणं, आणि गुलाम-नव्वी म्हणजे हातात आलेली दोन पानं.

थांबलो होतो एकदा. पणजीला, मांडवीतल्या एका कॅसिनोच्या बोटीवर. नऊ बिग ब्लाइंड उरले होते. (ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधीच दोघांनी भरायची रक्कम, एकाने छोटी, दुसऱ्याने मोठी. मोठी तो बिग ब्लाइंड.) बटनावर, म्हणजे दोन्ही ब्लाइंडच्या अगदी आधीच्या जागेवर, राजा-दश्शी आली. माझ्याआधीच्या सगळ्यांनी पानं टाकलेली, मागे फक्त ते दोघे ब्लाइंडवाले. मी टाकली. पुढच्या फेरीत राणी-गुलाम, तीही टाकली. मग ब्लाइंड वाढले, आणि अखेर आला एक्का-राजा, दोन्ही बदाम. तोवर जवळ अडीच ब्लाइंड. चिप्स पुढे सरकवल्या तर तिघांनी कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स घातल्या, त्यातल्या एकाने पानाचा नुसता कोपरा उचलून बघितला होता. शेवटी त्याच्याच छक्की-तिर्रीच्या दोन जोड्या लागल्या. परत येताना दोन दिवस मी नशिबाला शिव्या घालत होतो. खरं तर समोर तीन जण पानं न बघताच कॉल करत असले, तरी एक्का-राजा सरासरी निम्म्याहून जास्त वेळा हरतोच. माझी चूक त्या डावात नव्हतीच, ती दोन फेऱ्या आधी झाली होती.

हिशेब मांडून दाखवतो, कारण तोंडी सांगितलं की पोरं नुसती मान हलवतात. ब्लाइंड १०००-२०००, त्यावर बिग ब्लाइंडवाल्याने सगळ्यांच्या वतीने भरायचा २००० चा अँटी. म्हणजे पानं वाटली की मधे ५००० पडलेले असतात, आणि एका फेरीत, म्हणजे बटन टेबलाभोवती एकदा फिरेपर्यंत, तुमच्या खिशातूनही तेवढेच जातात. तुमच्याकडे आहेत १६०००. पोकरपटू पॉल मॅग्रिएल यांच्या नावावरून ज्याला ‘एम’ म्हणतात तो आकडा, म्हणजे जवळच्या चिप्स भागिले एका फेरीचा खर्च, झाला ३.२. नुसतं बसून राहिलात तर तीन फेऱ्या जेमतेम.

बटनावर गुलाम-नव्वी, एकाच रंगाची. समजा मागचे दोघं दहातून सहा वेळा टाकतात. तेव्हा तुमचे २१००० होतात, पानं उघडायचीही गरज नाही. उरलेल्या चार वेळा कॉल होतो आणि त्यात तुम्ही शेकडा ३८ वेळा जिंकता, असं धरू. तिथला पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, साधारण ३५०००. सगळं मिळून सरासरी १७९०० च्या आसपास येते. पानं टाकली असती तर १६००० च राहिले असते. एवढाच फरक आहे, पण तो मिळतो समोरच्यांनी पानं टाकल्यामुळे, गुलामामुळे नव्हे.

आता दोन फेऱ्या वाट बघा. हातात ६०००. हीच पानं, हेच बटन. बिग ब्लाइंडवाल्याला आणखी ४००० घालायचेत आणि समोर ११००० दिसतायत. त्याला शेकडा २७ वेळा जिंकलं तरी पुरतं, आणि सत्ती-दुर्रीसुद्धा बऱ्याचदा तेवढं करते. तो कशाला टाकेल? तुमची धमकीच संपलेली असते.

दिंडोरीला माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. फेब्रुवारीत आभाळ भरून आलं की व्यापारी बांधावर येऊन भाव पाडून मागतो, मामा कुरकुरत का होईना घासाघीस करतात. माल वेलीवर आहे तोवर बोलणी होतात. गारा पडून गेल्यावर तोच व्यापारी फोनही उचलत नाही. पोकर मामांना शिकवायला गेलो तर ते म्हणाले, "हे आम्ही दरवर्षी खेळतो."

पण एक गोष्ट पोरं हमखास उलटी करतात. ढकलायची, म्हणजे स्वतःहून ऑल-इन करायची, पानं वेगळी आणि कॉलची वेगळी. आपल्या आधी कुणी लवकरच्या जागेवरून, म्हणजे मागे बरेच जण बाकी असताना, ऑल-इन केलं, तर हीच गुलाम-नव्वी मुकाट्याने टाकायची. तिथे समोरचा पळणारच नाही, म्हणजे आपल्या हातात फक्त पानं उरतात, आणि पानं तर सुमार आहेत. पोकरवर पुस्तकं लिहिणारे डेव्हिड स्क्लान्स्की यांनी या फरकाला ‘गॅप’ असं नाव दिलं. एक्का-पंजी बघून हुरळणारे तर मला रोज भेटतात. मागे सात-आठ जण असताना ती ढकलली आणि कुणाकडे एक्का-राजा निघाला, तर चारातून जेमतेम एकदा जिंकाल. गुलाम-नव्वी त्याच एक्का-राजासमोर दहातून चारदा जिंकते, कारण तिची दोन्ही पानं मोकळी असतात, समोरच्याच्या पानाखाली दबलेली नसतात. बटनावरून मात्र एक्का-पंजी खुशाल ढकला.

बक्षिसाच्या उंबरठ्यावर, म्हणजे एक जण बाद झाला की सगळ्यांना पैसे, तिथे हात आखडता घ्यावा लागतो. गमावलेली चिप तिथे मिळवलेल्या चिपेपेक्षा महाग असते. आमच्याकडे उंबरठा फक्त मिसळीचा, म्हणून इथे मी तो धरत नाही.

कुणी तरी पोकरपटू जॅक स्ट्रॉसचं उदाहरण देतंच. एक चिप उरली असताना तिथून परत येऊन १९८२ ची पोकरची वर्ल्ड सिरीज त्यांनी जिंकली, अशी गोष्ट सांगतात. मग वर म्हणतात, "बघा, थांबलं की होतं!" पण तीच गोष्ट नीट ऐका. आधी त्यांनी सगळं ढकललं होतं आणि हरले होते, एक चिप नजरेतून सुटून मागे राहिली होती. थांबण्याचा त्यात संबंध कुठे आला?

गेल्या शनिवारी अंबडच्या कारखान्यात काम करणाऱ्या पोराने बटनावरून आठ ब्लाइंड ढकलले. छोट्या ब्लाइंडने टाकली. मोठ्या ब्लाइंडवर मी, हातात एक्का-पंजी, चिप्स त्याच्यापेक्षा थोड्याच जास्त. कॉल केला. त्याने राजा-नव्वी उघडली आणि माझ्याकडे बघून हसला. टेबलावर सगळ्यांसाठी उघडतात त्या पाच पानांपैकी चौथ्यापर्यंत मी पुढे होतो. पाचवं पान चौकटची नव्वी. पुढच्याच डावात उरलेलं ढकललं आणि बाद झालो.

रविवारी सकाळी साडेसातला मिसळीच्या रांगेत मी होतो. नऊ प्लेट, रस्सा वेगळा बांधून, पापड मोजून घेतले.